उन्हाची पुडी

मराठीत समीक्षकांचा तुटवडा आहे असं कुणी म्हणणार नाही. कवितेला समीक्षक आहेत, कादंबरीला आहेत, नाटकाला तर पहिला अंक संपायच्या आत असतात. लग्नातल्या जेवणाचे समीक्षक हात धुता धुता भेटतात. पण एक वाङ्मयप्रकार असा आहे की तो रोज घरोघर आणि टपरीटपरीवर निर्माण होतो, लोक तो मन लावून ऐकतात, नुसते ऐकत नाहीत तर त्याप्रमाणे वागतातसुद्धा, आणि तरी त्याचं परीक्षण कुणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. हा वाङ्मयप्रकार म्हणजे 'मला गुण आला'.

याची रचना ठरलेली असते. आधी दुखणं, मग वणवण, मग अचानक भेटलेलं औषध, मग तिसऱ्या दिवसापासून फरक, आणि भरतवाक्य म्हणून 'तुम्हीपण घेऊन बघा की!' निवेदन प्रथमपुरुषी. लेखक तोच, नायक तोच आणि टाळ्या वाजवणाराही तोच.

आता, मी बी. कॉम. माणूस. साहित्याशी माझा अधिकृत संबंध म्हणजे कर्जाच्या अर्जात 'कारण' या रकान्यात लोक जे लिहितात ते वाचणं, एवढाच. पण सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी बँकेच्या काउंटरमागं पंधरा-सोळा वर्षं काढलेल्या माणसाइतका या वाङ्मयाचा व्यासंग कुणाचा असणार? सर्व्हर डाऊन झाला रे झाला, की रांगेत हा प्रकार बहरतो. पूर्वी काढे होते, मग कोरफड आली, मग सकाळी उठून तांब्याभर पाणी आलं. सध्या जोर आहे तो डी-थ्रीच्या पुडीचा. आठवड्याला एक, कोमट दुधातून, साठ हजार युनिटची. ज्यांना कर्जाचा आकडा नीट सांगता येत नाही अशी माणसं 'साठ हजार' हे मात्र खणखणीत उच्चारतात.

पुडी कशासाठी, असं विचारलं तर पूर्वी 'हाडांसाठी' एवढंच उत्तर मिळायचं. आता व्याप्ती वाढली आहे. हृदय मजबूत राहतं, रक्तवाहिन्या तरण्या राहतात, म्हातारपण लांबतं, असं पुष्कळ काही. म्हणून परीक्षण करणं भाग आहे.

प्रथम नावाचा घोळ. व्हिटॅमिन म्हणजे जे शरीराला बनवता येत नाही आणि खाण्यातूनच मिळवावं लागतं ते. १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम नावाच्या शास्त्रज्ञानं कॉडमाशाच्या तेलात मुडदूस बरा करणारं काहीतरी आहे असं दाखवलं. ए, बी, सी ही अक्षरं आधीच गेलेली, म्हणून याला डी मिळालं. पुढं कळलं की हे आपल्या कातडीतच बनतं, फक्त ऊन लागतं. १९७०-७१ च्या सुमारास त्याचा उरलेला प्रवासही कळला. तो प्रवास आमच्या कर्जाच्या फाइलीसारखा आहे. अर्ज कातडीच्या खिडकीवर दाखल होतो, यकृतात छाननी होते, मूत्रपिंडात मंजुरी मिळते, आणि मंजूर झालेलं पत्र रक्तातून आतड्याकडे जातं : 'कॅल्शियम आत घ्यावे, हुकमावरून.' एका अवयवात तयार होऊन रक्तातून दुसऱ्या अवयवावर हुकूम चालवणाऱ्या अशा पदार्थाला हार्मोन म्हणतात, शुद्ध मराठीत संप्रेरक. म्हणजे आमच्या गावात निम्मे लोक दर रविवारी दुधातून हार्मोनचा कच्चा माल घेताहेत आणि त्याला जीवनसत्त्व म्हणताहेत. हुद्दा शिपायाचा, काम साहेबाचं. हा प्रकार बँकेत नवा नाही, पण शरीरातही चालतो हे मला माहीत नव्हतं.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्या जिल्ह्यात पाळण्यातल्या पोरालाही येते. या विषयात ती प्रथमच खरी ठरते. जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या विंडाउस यांना १९२८ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते कोलेस्टेरॉलच्या भावकीतल्या पदार्थांचा आणि जीवनसत्त्वांचा संबंध उलगडला म्हणून. म्हणजे डोकं जर्मनीचं. आणि ऊन? ते परभणीचं! एप्रिल-मे महिन्यात सोनपेठच्या रस्त्यावर दुपारी एकट्या सावलीचीसुद्धा उभं राहायची हिंमत होत नाही. इथं जेवढं ऊन पडतं तेवढं पुडीत भरायचं ठरवलं तर पुड्यांना कागद पुरायचा नाही. आणि अशा गावात, डोक्याला उपरणं, तोंडाला रुमाल, हातात मोजे घालून माणूस उन्हातून तडक मेडिकलच्या दुकानात शिरतो आणि म्हणतो, "उन्हाची पुडी द्या एक." या पुडीतला डी बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीवर अतिनील किरण सोडून बनवतात. म्हणजे मेंढी उघड्यावर हिंडते, तिच्या लोकरीला दिव्याखाली ऊन दाखवतात, आणि ते आम्ही सावलीत बसून पितो.

इथं एक गोष्ट न्यायानं सांगितली पाहिजे, नाहीतर हे परीक्षण नसून चेष्टा होईल. कमतरता खोटी नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००० साली दाखवलं, की लख्ख उन्हाच्या या देशात धडधाकट माणसांच्या रक्तातही डी फार कमी आढळतं. पुण्यातही मुलींच्या हाडांवर याच अंगानं पुष्कळ काम झालं आहे. आपली कातडी सावळी, कपडे अंगभर आणि नोकरी छपराखाली. मुडदूस झालेल्या पोराला किंवा हाडं मऊ पडलेल्या बाईला डॉक्टरनं दिलेली ही पुडी म्हणजे खरोखर औषध आहे. माझं भांडण पुडीशी नाही. पुडीच्या नावावर जे वाङ्मय प्रसिद्ध होतं, त्याच्याशी आहे.

उदाहरणार्थ, आमचे कॅशियर. वय चोपन्न, नोटा मोजण्याचा वेग अजून मशीनला लाजवेल असा. त्यांचं 'मला गुण आला' शाखेत इतक्या वेळा झालं आहे की आता शिपायालाही तोंडपाठ आहे. "राव, जिना चढायचा म्हटलं की छातीत धडधड व्हायची. तीन पुड्या घेतल्या आणि लई फरक पडू लाला बघा!" निवेदन ओघवतं आहे, हावभाव उत्तम, शेवट परिणामकारक. पण समीक्षक म्हणून मला काही प्रश्न पडतात. त्याच महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न जमलं, हे कथानकात का आलं नाही? पुडी सुरू केली त्याच दिवसापासून पहाटे चालायला जाऊ लागले, तंबाखू निम्म्यावर आणली, हे उपकथानक कुठं गेलं? शिवाय माणूस औषध सुरू करतो केव्हा? दुखणं अगदी शिगेला पोचतं तेव्हा. शिगेवरून पुढं वाट बहुधा खालीच असते. औषध घेतलं नसतं तरी पुढच्या महिन्यात थोडं बरं वाटलंच असतं. पण त्याचं श्रेय घ्यायला कुणी पुढं येत नाही, पुडी येते.

"पण पुडी घेणारे सगळेच ठणठणीत दिसतात, त्याचं काय?" असंही विचारतात. दिसतात ना! आमच्या शाखेत लॉकर घेतलेले सगळे लोक पैसेवाले आहेत. म्हणून लॉकर घेतल्यानं माणूस पैसेवाला होतो असं मी अजून एकाही ग्राहकाला सांगितलेलं नाही. जो माणूस नियमानं पुडी घेतो, तो नियमानं बी.पी.ही तपासतो, फिरायलाही जातो, आणि त्याच्याकडे हे सगळं करायला पैसा आणि सवड असते.

हे वाङ्मय आजचं नाही. हार्मोनच्या आत्मप्रयोगाचा आद्य ग्रंथ १८८९ सालचा. १ जून रोजी पॅरिसच्या एका विद्वत्सभेत ब्राउन-सेकार नावाचे ७२ वर्षांचे प्राध्यापक उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, की मी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा रस काढून स्वतःला टोचून घेतला, आणि मी तरुण झालो. गृहस्थ साधासुधा नव्हता. मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथी काढल्या तर प्राणी जगत नाही, हे त्यानंच १८५६ मध्ये दाखवलेलं. आता त्यानं पुरावेही दिले. जिना पुन्हा पळत चढता येतो. प्रयोगशाळेत तासन् तास उभं राहता येतं. हाताचा जोर यंत्रावर मोजला, वाढला. आणखी एक माप त्यानं घेतलं, ते सभ्य घरात वाचल्या जाणाऱ्या या पुस्तकात कसं सांगावं हा प्रश्न आहे. एवढंच म्हणतो, की लघवीची धार किती लांब जाते तेही मोजलं आणि त्यात चांगली पंचवीस टक्के वाढ आढळली.

वाङ्मय म्हणून ही कृती मोठी आहे. तपशील आहेत, आकडे आहेत, नायकाचं धैर्य आहे. परीक्षणाला मात्र वेळ लागला. वृषणातला खरा हार्मोन १९३५ साली वेगळा करता आला, तेव्हा कळलं की तो पाण्यात जेमतेम विरघळतो. २००२ साली ऑस्ट्रेलियात काही डॉक्टरांनी ब्राउन-सेकारच्या पद्धतीनं तोच रस पुन्हा काढून तपासला. हार्मोन निघाला तो इतका नाममात्र, की त्यानं जिना काय, उंबरठाही चढवला नसता. म्हणजे प्राध्यापकमहाशय चढले ते स्वतःच्या विश्वासावर. खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर बरं वाटलं होतं, आणि तेच तर सगळ्यात अवघड आहे. खोटं बोलणारा कधीतरी पकडला जातो, पण ज्याला खरोखर बरं वाटलंय त्याला कोण पकडणार?

बँकेनं याचं उत्तर फार पूर्वी शोधलं आहे. आमच्याकडे जो व्हाऊचर करतो तो ते पास करीत नाही. करणारा मेकर, तपासणारा चेकर. मेकर कितीही प्रामाणिक असो, त्याच्या घराण्यात सात पिढ्या हरिश्चंद्र जन्मलेले असोत, दुसऱ्याची सही झाल्याशिवाय रुपया हलत नाही. नव्या पोरांना पहिल्या पहिल्यांदा हा अपमान वाटतो. "साहेब, माझ्यावर विश्वास नाही का?" आहे बाबा. विश्वास आहे म्हणूनच तर तुला मेकर केलं. पण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, हे माणसाच्या डोळ्याचं वैगुण्य आहे, तुझं नव्हे. 'मला गुण आला' या प्रकारात मेकर, चेकर आणि खातेदार एकच असतो. अशी शाखा आमच्या बँकेत असती तर ऑडिटर आत येण्यापूर्वी पोलीस आले असते.

औषधाच्या दुनियेतही मेकर-चेकर आहे. त्याला ट्रायल म्हणतात. (आम्हां कॉमर्सवाल्यांना ट्रायल म्हटलं की पुढं बॅलन्स आठवतो, आणि तसं ते फार चुकीचं नाही.) हजारो माणसं घ्यायची, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. घेणाऱ्याला माहीत नाही आपली कुठली, देणाऱ्यालाही माहीत नाही. शेवटी कुलूप उघडून हिशेब मांडायचा.

डी-थ्री आणि हृदय यांचा हिशेब असा मांडून झालेला आहे. अमेरिकेत 'व्हायटल' नावाच्या ट्रायलमध्ये २५,८७१ माणसं घेतली, म्हणजे कित्येक गावं मावतील एवढी. अर्ध्यांना रोज २,००० युनिट डी, अर्ध्यांना पोकळ गोळी, सुमारे पाच वर्षं. २०१८ मध्ये निकाल लागला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तशा कारणानं मृत्यू, असं मोठं संकट डीच्या गटात ३९६ जणांवर आलं आणि पोकळ गोळीच्या गटात ४०९ जणांवर. पंचवीस हजारांच्या मागं तेरांचा फरक! एवढा फरक आमच्याकडे नाणी मोजताना पडतो आणि आम्ही चहा पिऊन पुन्हा मोजतो.

आमच्या कॅशियरचा आक्षेप, "ती दोन हजारवाली. आपली साठ हजाराची!" त्याचीही सोय झाली आहे. ऑस्ट्रेलियात ६० ते ८४ वर्षांच्या २१,३१५ माणसांना महिन्याला एक साठ हजाराची किंवा पोकळ, असं पाच वर्षांपर्यंत दिलं. हृदयाच्या मोठ्या संकटांत डीच्या गटात किंचित घट दिसली, शेकडा ६.६ ऐवजी ६.०, पण ती नशिबाच्या खेळातही पडू शकेल एवढी बारीक. आणि त्याच माणसांत मृत्यूंचा हिशेब केला तर पोकळ गोळीवाले शेकडा ५.१ गेले, डीवाले ५.३. एका पानावर जमा, दुसऱ्या पानावर नावे, आणि शिल्लक जिथल्या तिथं. "पण तिकडच्या लोकांत आधीच डी भरपूर असतं," हा आक्षेप मात्र रास्त आहे. ज्याचं खातं रिकामं आहे त्याला पैसे भरून फायदा होणारच, आणि हाडांच्या खात्यात तो होतो. पण हृदयाच्या खात्यात जमा दाखवायची असेल तर पावती आणा, एवढंच माझं म्हणणं.

हृदयासाठी हार्मोन हा नादही जुनाच आहे. पाळी जाईपर्यंत बायकांना हृदयविकार कमी होतो, म्हणून अमेरिकेत १९६०च्या दशकात झटका येऊन गेलेल्या पुरुषांना चक्क बायकांचा हार्मोन देऊन बघितला. त्रास वाढला आणि ते बंद करावं लागलं. मग उतारवयाच्या बायकांना तो देण्याची लाट आली. घेणाऱ्या बायका जास्त निरोगी दिसत होत्या. (लॉकर आठवा!) शेवटी १६,६०८ बायकांची ट्रायल झाली, ती २००२ च्या जुलैमध्ये मध्येच थांबवावी लागली. मोडणारी हाडं कमी झाली होती, पण हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग तिन्ही वाढले होते. एकेकटीला विचारलं असतं तर पुष्कळजणींनी 'मला गुण आला' असंच सांगितलं असतं.

या वाङ्मयाची पुरवणी म्हणजे रक्ताचा रिपोर्ट. त्यात 'कमी' हा शब्द जाड ठशात असतो. माझ्या रिपोर्टात १४ आलं होतं. डॉक्टरांनी आठ आठवडे पुडी घ्यायला सांगितली, मी घेतली, आकडा ३८ झाला. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले. पण आकडा वाढणं म्हणजे काय, हे बँकवाल्याला विचारा. ३१ मार्चला आमच्या ठेवी एकदम फुगतात. हे त्याच्याकडून आणतात, ते याच्याकडून आणतात, आणि ताळेबंद कसा गुबगुबीत दिसतो! २ एप्रिलला पाहुणे आपापल्या घरी. आकडा खोटा नसतो, पण त्यावरून बँकेची प्रकृती सुधारली असं फक्त चेअरमनचं भाषण म्हणतं. आजारी माणूस घरात पडून असतो, उन्हात जात नाही, म्हणून त्याचं डी घसरतं. मग डी वर ढकललं की आजार खाली जाईल, हा तर्क छत्री उघडून पाऊस पाडण्यासारखा आहे.

बरं, तो आकडा तरी पक्का असावा! २०११ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या समितीनं सांगितलं की बहुतेकांना वीस पुरेत. त्याच वर्षी तिथल्याच हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं, तीस पाहिजेत. झालं! एका रात्रीत वीस ते तीसमधली माणसं आजारी पडली. २०२४ साली त्याच संघटनेनं तिसाचा आग्रह सोडला आणि धडधाकट माणसाचं डी उगाच तपासत बसू नका असं कळवलं. परिपत्रक रद्द करणारं परिपत्रक. हेड ऑफिसची आठवण झाली. फक्त पहिलं परिपत्रक सोनपेठपर्यंत लगेच पोचतं आणि दुसरं वाटेत परळीलाच उतरतं.

"नसेना का फायदा, तोटा तर नाही?" हा शेवटचा बचाव. मंडळी, उन्हाला एक शहाणपण आहे. अंगाला भरपूर ऊन लागलं की कातडी पुढचा माल आपोआप निकामी पदार्थांत वळवते. उन्हातून डी जास्त झालं असं होत नाही. पुडीला हे शहाणपण नाही. ती चरबीत जाऊन मुदत ठेवीसारखी बसते. आठवड्याची पुडी कुणी रोज घेत राहिला तर रक्तात कॅल्शियम चढतं, तहान लागते, मळमळ होते, पोट साफ होत नाही, डोकं गरगरतं, मूत्रपिंड दुखावतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन पाहिले, २०१० मध्ये निकाल आला : पडण्याचं प्रमाण पंधरा टक्क्यांनी वाढलं, हाडं मोडण्याचं सव्वीस टक्क्यांनी. हाडांसाठी दिलेलं औषध, हाडांच्याच मुळावर! आमच्याकडे चिठ्ठीवरचं इंग्रजी 'आठवड्यातून एकदा' कितीजणांना वाचता येतं, हे मला रोजच्या भरणा स्लिपांवरून ठाऊक आहे.

पण मला खरी धास्ती वाटते ती याहून साधी गोष्ट बघून. नोव्हेंबर महिना हा आमच्याकडे हयातीच्या दाखल्याचा. पेन्शनवाली मंडळी जिवंत असल्याचं सिद्ध करायला येतात. गेल्या खेपेला आमचे गुरुजी आले. मला पाचवीत गणित शिकवलेले. जिने चढून धापा टाकत होते, चेहरा लाल.

"गुरुजी, बसा. बी.पी.ची गोळी घेताय ना?"

"ती बंद केली रे. तीन महिने झाले. आता डीची पुडी आहे ना, हृदयाचं सगळं तीच बघती."

"बंद कुणी केली? डॉक्टरांनी?"

"डॉक्टर कशाला? मीच केली. मला चांगलं वाटतंय की!"

आता गुरुजींना आकडेवारी सांगणं म्हणजे विठोबाला पंढरपूरचा रस्ता सांगणं. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्हीच शिकवलंय, गणित सोडवलं की ताळा करून बघ. आणि स्वतःचा ताळा स्वतः करायचा नाही, वही शेजारच्याला द्यायची. तर एवढं समोर जाऊन बी.पी. मोजून या. तोवर मी तुमचा फॉर्म भरून ठेवतो." गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पाचवीत बघायचे तसंच. पण गेले. अर्ध्या तासानं शिपायाबरोबर निरोप आला : एकशे नव्वद आणि एकशे दहा, डॉक्टरांनी बसवून ठेवलंय, फॉर्म घरी पाठवून दे.

त्यांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पुडीचं डॉक्टर म्हणाले, हाडांसाठी तेवढ्या आठ पूर्ण करा आणि थांबा. फॉर्मवर सही घ्यायला मी संध्याकाळी घरी गेलो तेव्हा गुरुजी म्हणाले, "मला बरं वाटत होतं हे खोटं नव्हतं हं." मी म्हटलं, "नव्हतंच गुरुजी. पण सरकारचं बघा. समोर उभा राहून 'मी जिवंत आहे' म्हणणाऱ्या माणसाचंसुद्धा ते नुसतं ऐकत नाही. दुसऱ्याची सही मागतं."

मलाही लोक विचारतात, तुम्ही आठ पुड्या घेतल्या, फरक पडला का? मी सांगतो, माझ्या व्हाऊचरवर माझी सही चालत नाही.

मध्यंतरी मी शाखेत एक योजना मांडली. सगळ्यांनी आपापल्या पुड्या माझ्याकडे जमा करायच्या. मी निम्म्या पुड्यांत पिठीसाखर भरून, वर नंबर टाकून, यादी मॅनेजरसाहेबांच्या तिजोरीत ठेवतो. कुणाला काय मिळालं हे कुणालाच माहीत नाही. सहा महिन्यांनी साहेबांनी यादी काढायची आणि ज्याला गुण आला त्याचा हिशेब लावायचा. खर्च शून्य, फक्त साखर.

शाखेत शांतता पसरली. कॅशियरनी हातातली नोटांची गड्डी खाली ठेवली.

"आणि समजा," ते म्हणाले, "मला साखरेनंच गुण आला असं निघालं, तर?"

"तर ते कळेल."

"म्हणजे माझे पुड्यांचे पैसे बुडाले की राव!" आणि त्यांनी गड्डी उचलून पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.